मेंदूत जंतू शिरले की मायक्रोग्लिया नक्की काय करतात? आणि मग स्टिरॉइड कशाला?

कोलांटउडी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय (विषय बघता हा शब्दप्रयोग जरा जपूनच करायला हवा).

आमच्या मेव्हण्याला मध्यंतरी बॅक्टेरियल मेनिंजायटिस (मेंदूभोवतीच्या आवरणांचा जंतूंमुळे होणारा दाह) झाला होता. सकाळी नुसता ताप, दुपारी मान ताठ आणि उजेड सहन होईना, संध्याकाळी तर माणूस बरळायलाच लागला. वेळेत ऍडमिट केला, आता ठणठणीत आहे, तेव्हा काळजीचे प्रतिसाद नकोत. माझा प्रश्न वेगळाच आहे. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोससोबतच त्याला स्टिरॉइडपण टोचलं. आता स्टिरॉइड म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एवढं आपल्यासारख्यालाही ठाऊक असतं, मग ऐन इन्फेक्शनमध्ये ते का द्यायचं? म्हणजे चोर घरात शिरलेला असताना राखणदारालाच झोपेची गोळी द्यायची? डॉक्टर घाईत होते, जाता जाता एवढंच म्हणाले की जंतूंइतकंच नुकसान त्याच्याच पेशी करतील.

तेव्हापासून वाचत सुटलोय. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या पेशींचं नाव सगळीकडे येतं, पण एक लेख म्हणतो त्या रक्षक, दुसरा म्हणतो त्याच मेंदू पोखरतात. नक्की काय समजायचं? जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

टवाळखोर

पहिला नंबर लावून ठेवतो. माझ्या डोक्यात शिरलेल्या जंतूंना काही मिळणार नाही, उपाशी परत जातील.

शंकासुर

मुळात मेंदूला स्वतःची प्रतिकारयंत्रणा नसते असंच आम्ही शिकलो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडथळा असतो, बाहेरचं काही आत येत नाही, म्हणून आत पहाऱ्याची गरज नाही. इम्यून प्रिव्हिलेज म्हणतात बहुतेक त्याला. मग या पेशी आल्या कुठून?

पेशीपुराण

@शंकासुर, तुम्ही म्हणताय त्याला आधार आहे पण अर्धाच. मेंदूत परकं ऊतक बसवलं तर ते शरीराच्या इतर भागांइतकं झटकन नाकारलं जात नाही, त्यावरून ती कल्पना आली. पण आत पहाराच नाही हे काही खरं नाही. मेंदूतल्या दर शंभर पेशींमागे साधारण ५ ते १० मायक्रोग्लिया असतात. आणि त्या रक्तातून येत नाहीत हीच गंमत आहे. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना पीतक कोशात, म्हणजे योक सॅकमध्ये त्यांच्या पूर्वज पेशी तयार होतात, तिथून मेंदूत शिरतात आणि मग जन्मभर तिथेच राहून, तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात. उंदरांमध्ये हे २०१० मध्ये नीट सिद्ध झालं. म्हणजे अस्थिमज्जेतून येणाऱ्या पांढऱ्या पेशींशी यांचं नातं चुलत घराण्याचं, सख्खं नाही.

मी याच पेशींवर काम करते (पीएचडी चालू आहे, संपेल कधीतरी) त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. २००५ पर्यंत सगळी पुस्तकं म्हणायची की निरोगी मेंदूत या पेशी विश्रांती घेत असतात. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत टू-फोटॉन मायक्रोस्कोपने डोकावून पाहिलं तर विश्रांती कसली, पेशीचं शरीर जागेवर पण बारीक फांद्या सतत आत-बाहेर होतायत, आजूबाजूचा सगळा भाग चाचपडतायत. लेझरने बारीकशी इजा केली तर काही मिनिटांत आसपासच्या सगळ्या पेशींच्या फांद्या तिकडे वळल्या आणि त्या जागेला वेढा घातला. जखमी पेशीतून एटीपी (पेशीचं इंधन) बाहेर सांडतं, त्याचा माग त्या काढतात.

आता जंतूंचं. मायक्रोग्लियाला अख्खा जंतू "दिसत" नाही, त्याचे तुकडे जाणवतात. मेनिंगोकोकस किंवा ई. कोलाय असेल तर त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, ते पकडतो टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर. न्यूमोकोकस असेल तर त्याच्या पेशीभित्तिकेतले तुकडे, ते टीएलआर-२ वर. जंतू गिळला गेला की त्याचा डीएनए पेशीच्या आतल्या टीएलआर-९ ला कळतो. सगळ्यांची तार शेवटी बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी जाते, एनएफ-कॅपा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. मग टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा, इंटरल्युकिन-६ हे दाहाचे निरोप देणारे रेणू (सायटोकाइन), शिवाय रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना हाक मारणारे केमोकाइन, हे सगळं काही तासांत. पेशी दिसायलाही बदलते, फांद्या आखडतात, अंग फुगतं.

स्टिरॉइडबद्दल डॉक्टर मंडळींनी बोलावं, मी उंदरांची माणूस आहे.

टवाळखोर

"उंदरांची माणूस" हा आयडी कोणी घेतलाय का?

रात्रपाळी

बोलावणं आलंच आहे तर लिहितो. आयसीयूत काम करतो, त्यामुळे टायपिंग तुटक असेल.

पेशीपुराण यांनी छान सांगितलंय, एक गोष्ट जोडतो. मेनिंजायटिसमध्ये जंतू आधी मेंदूच्या आत नसतात, मेंदूभोवतीच्या आवरणांमध्ये आणि त्यातल्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये असतात. आणि ते पाणी जंतूंसाठी फार सोयीचं, कारण रक्तात जंतूंना खुणा करणारे कॉम्प्लिमेंट आणि अँटिबॉडी असतात ते तिथे जवळपास नाहीत. त्यामुळे एकदा शिरले की वाढतच सुटतात. तिथे पहिली गाठ पडते ती आवरणांमध्ये राहणाऱ्या मॅक्रोफेजशी (जंतू गिळणाऱ्या पेशी). मायक्रोग्लिया आत, मेंदूच्या ऊतकात, त्यांच्यापर्यंत तुकडे आणि निरोप झिरपत येतात.

आता मूळ प्रश्न. आपण जे नेहमीचं अँटिबायोटिक देतो, सेफ्ट्रायॅक्सोन वगैरे, ते जंतूची भिंत फोडून त्याला मारतं. जंतू मेला हे उत्तम, पण फुटला की त्याच्या भिंतीचे तुकडे, एलपीएस, न्यूमोकोकस असेल तर न्यूमोलायसिन नावाचं विष, असं सगळं एकदम त्या पाण्यात मोकळं होतं. म्हणजे ज्या तुकड्यांवर या पेशी भडकतात त्यांचा पूर आपणच आणतो. पहिल्या डोसनंतर काही तासांत दाह आणखी चढतो. निरोगी माणसाच्या सीएसएफमध्ये एका मायक्रोलिटरला पाचाहूनही कमी पांढऱ्या पेशी असतात, यात त्या हजाराच्या वर सहज जातात. रक्तवाहिन्या गळायला लागतात, मेंदूला सूज येते, आणि कवटी काही ताणत नाही. माणूस दगावतो तो बऱ्याचदा या सुजेने, वाहिन्या तुंबल्याने.

डेक्सामेथासोन, म्हणजे यात देतात ते स्टिरॉइड, सायटोकाइनची जनुकं चालू होण्याआधी पोचलं तर उपयोग, गाडी सुटल्यावर पोचलं तर फारसा नाही. म्हणून ते पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत देतात. २००२ मध्ये युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात मृत्यूचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं, सगळ्यात जास्त फायदा न्यूमोकोकसवाल्यांना. तुमच्या राखणदाराला झोपवत नाही आपण, फक्त त्याच्या हातातली बंदूक तेवढी काढून घेतो.

शंकासुर

पण डॉक्टर, तुम्ही एकच अभ्यास सांगितलात. मलावीमध्ये मुलांवर आणि नंतर २००७ मध्ये प्रौढांवर हेच करून पाहिलं होतं आणि काडीचा फायदा दिसला नव्हता. मग "दाह आटोक्यात आणला की माणूस वाचतो" हे इतकं सरळ आहे का?

रात्रपाळी

@शंकासुर, नावाला जागलात. मुद्दा बरोबर आहे. मलावीतल्या रुग्णांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण खूप मोठं होतं, बरेच जण उशिरा पोचले होते. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच खिळखिळी आहे किंवा ज्याच्या मेंदूत नुकसान होऊन गेलंय त्याचा दाह कमी करून काय मिळणार, असं एक स्पष्टीकरण. सगळ्यांना ते पटतं असं नाही. व्हिएतनाममध्ये त्याच वर्षी आलेल्या अभ्यासात ज्यांच्यात जंतू पक्का सापडला त्यांना फायदा दिसला, ज्यांच्यात नाही सापडला त्यांना नाही.

आणखी एक. लिस्टेरिया हा जंतू सापडला तर डेक्सामेथासोन थांबवतात, फ्रान्समधल्या रुग्णांच्या मोठ्या पाहणीत ते मिळालेल्यांचे मृत्यू जास्त दिसले. नवजात बाळांनाही देत नाहीत. म्हणजे "स्टिरॉइड चांगलं" असा नियम नाहीये, कुठला जंतू, कोण रुग्ण, किती वाजता, यावर सगळं अवलंबून आहे.

मधलीसुट्टी

फार माहितीपूर्ण धागा! मला एक सांगा, या मायक्रोग्लिया बळकट करण्यासाठी काय करता येईल? काही सप्लिमेंट वगैरे? इम्युनिटी बूस्ट झाली तर मेनिंजायटिसच होणार नाही ना?

टवाळखोर

आला, बूस्ट आला. मी वाटच बघत होतो.

पेशीपुराण

@मधलीसुट्टी, वरचं रात्रपाळींचं पुन्हा एकदा वाचा की. मायक्रोग्लिया कमी भडकल्या म्हणून माणूस दगावला असं क्वचित, जास्त भडकल्या म्हणून हे नेहमीचं. बाटलीवर "मेंदूची इम्युनिटी वाढवते" लिहिलेलं असेल आणि ते खरोखर खरं असेल, तर मी त्या बाटलीपासून लांब पळेन.

मधलीसुट्टी

ओके ताई, रागावू नका. विचारलं फक्त.

रात्रपाळी

रागावू नका खरंच, प्रश्न सगळेच विचारतात. मेनिंजायटिस टाळायचा खरा उपाय लस आहे. हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी), न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस या तिन्ही जंतूंविरुद्ध लशी आहेत आणि हिबची लस जिथे जिथे सगळ्या मुलांना मिळायला लागली तिथे हिब मेनिंजायटिस जवळपास दिसेनासा झाला. ती लस मायक्रोग्लियाला काही शिकवत नाही हं, ती रक्तात अँटिबॉडी तयार ठेवते म्हणजे जंतू मेंदूपर्यंत पोचतच नाही.

@कोलांटउडी, मेव्हण्यांना न्यूमोकोकस होता का? असेल तर बरं झाल्यावरही लशीचं विचारा. त्या जंतूचे शंभरच्या आसपास उपप्रकार आहेत, एक झाला म्हणून बाकीच्यांपासून सुटका नाही.

सांजसावल्या

मी इथे सहसा नुसती वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या मुलीला ती खूप लहान असताना न्यूमोकोकल मेनिंजायटिस झाला. जीव वाचला, ताप गेला, घरी आलो, सगळे म्हणाले देवाची कृपा. ऐकू येणं एका बाजूने गेलंय आणि दुसऱ्या बाजूने कमी झालंय हे आम्हाला बरंच उशिरा कळलं, कारण घरी सोडताना श्रवणचाचणी करा असं कोणी सांगितलंच नाही. हाक मारली की बघत नाही तर आम्हाला वाटायचं आजारपणाने चिडचिडी झालीय. नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं की कानाच्या आतल्या शंखाचा मेंदूभोवतीच्या पाण्याशी बारीक वाटेने संबंध असतो, तिथे दाह पोचतो, आणि बरा होताना त्या शंखात हाड भरायला लागतं. ते काही आठवड्यांतसुद्धा सुरू होऊ शकतं. हाड भरलं की कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड होतं, म्हणून चाचणी लवकर हवी. आमचं एका बाजूचं जमलं.

इतकं सगळं सांगायचं कारण, वरती "सूज उतरली, माणूस वाचला" असं वाचून वाटलं की हेही लिहावं. कोलांटउडी, मेव्हण्याची श्रवणचाचणी करून घेतलीत का?

कोलांटउडी

सांजसावल्या ताई, नाही केली. कोणी बोललंच नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. बहिणीला आत्ताच फोन लावला, याच आठवड्यात करून घेतो. लिहिलंत ते फार बरं केलंत.

@रात्रपाळी, हो, न्यूमोकोकसच होता. लशीचंही विचारतो.

रात्रपाळी

+१ सांजसावल्या. मेनिंजायटिसचा पेशंट घरी जायच्या आधी किंवा त्यानंतर लगेच श्रवणचाचणी झालीच पाहिजे, मूल असो की मोठा. हिबच्या मुलांमध्ये स्टिरॉइडचा जो सगळ्यात स्पष्ट फायदा दिसला तो याच बाबतीत, बहिरेपण कमी झालं.

जुनंपान

तुमची शास्त्रीय चर्चा चालू द्या, मी थोडं इतिहासाचं अवांतर करतो. या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव दिलं स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी, १९१९ मध्ये. तोवर न्यूरॉन आणि ऍस्ट्रोसाइट (न्यूरॉनना आधार देणाऱ्या तारकाकृती पेशी) सोडून जे काही दिसायचं त्याला स्पेनचेच मेंदूशास्त्रज्ञ काहाल "तिसरा घटक" म्हणायचे. ओर्तेगांनी सिल्व्हर कार्बोनेटने रंगवायची पद्धत काढली आणि त्या तिसऱ्या घटकात दोन वेगळ्या जाती आहेत हे दाखवलं, एक मायक्रोग्लिया, दुसरी ऑलिगोडेंड्रोसाइट. एवढंच नाही तर या पेशी बाहेरून मेंदूत येतात, इजा झाली की आकार बदलतात, कचरा गिळतात, हे सगळं त्यांनी त्याच सुमाराला लिहून ठेवलंय. नुसत्या मेलेल्या, रंगवलेल्या कापांवरून! पेशीपुराण यांनी वर योक सॅकचं २०१० चं सांगितलं, म्हणजे नव्वद वर्षांनी मोहोर उमटली.

नशीब मात्र बेताचं. १९२० मध्ये काहाल यांच्या प्रयोगशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं, पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध, मग पॅरिस, ऑक्सफर्ड असं फिरत १९४० मध्ये ब्युनोस आयर्सला पोचले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले.

पेशीपुराण

जुनंपान काका, मस्त! आमच्याकडे आजही पहिल्या वर्षाच्या मुलांना ओर्तेगांची चित्रं दाखवतात आणि मग महागड्या मायक्रोस्कोपवर काढलेले त्यांचे स्वतःचे फोटो दाखवून लाज काढतात.

अर्धविराम

मायक्रोग्लियाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या वडिलांना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. साधं. मेंदूत काही नाही, सीटी स्कॅन स्वच्छ. पण दोन दिवस ते पूर्ण भ्रमात, आईला ओळखेनात, रात्रभर उठून कुठेतरी निघायला बघायचे. इन्फेक्शन बरं झालं तसे सुधारले, पण तेव्हापासून विसरभोळेपणा जास्त झालाय असं आम्हा सगळ्यांना वाटतं. जंतू मूत्राशयात आणि गोंधळ डोक्यात, हे कसं काय? याचा मायक्रोग्लियाशी संबंध आहे का?

रात्रपाळी

संबंध आहे, आणि हे आम्ही रोज बघतो. डेलिरियम म्हणतात. वयस्कर माणसात कधीकधी ताप नसतो, जळजळ नसते, नुसता भ्रम हीच इन्फेक्शनची पहिली खूण असते. कारणं अनेक असतात, ऑक्सिजन, सोडियम, चालू असलेली औषधं हे आधी तपासायचं. पण मेंदूपर्यंत निरोप पोचतो हे पक्कं. व्हेगस नर्व्हमार्फत, मेंदूच्या ज्या थोड्या भागांत रक्त-मेंदू अडथळा सैल असतो तिथून, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींमार्फत. जंतू पोचावाच लागत नाही. पेशीपुराण, प्रायमिंगचं तुम्हीच सांगा.

पेशीपुराण

सांगते. आधी साधी गोष्ट, ताप आला की आपल्याला नुसतं पडून राहावंसं वाटतं, भूक जाते, कोणाशी बोलायला नको वाटतं, हेसुद्धा मेंदूच करवतो. शरीरातल्या सायटोकाइनचा निरोप पोचतो, मेंदूतल्या पेशी त्याची छोटी नक्कल करतात आणि वागणं बदलतं. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट यांनी मांडलं की हा आजाराचा बिघाड नव्हे, शक्ती वाचवायची व्यवस्था आहे. निरोगी तरुण मेंदूत हे येतं आणि जातं.

पण ज्या मेंदूत आधीपासून हळूहळू काही बिघडतंय, म्हातारपण, अल्झायमर वगैरे, तिथल्या मायक्रोग्लिया आधीच थोड्या ताणलेल्या असतात. त्याला प्रायमिंग म्हणतात. उंदरांमध्ये हे फार स्वच्छ दिसलंय. मेंदूचा प्रायॉन आजार चालू असलेल्या उंदराला पोटात एलपीएस टोचलं, जंतू नाही नुसतं एलपीएस, तर त्याच्या मायक्रोग्लिया निरोगी उंदराच्या कितीतरी पट जास्त इंटरल्युकिन-१ बीटा करतात, न्यूरॉन मरतात आणि मूळ आजारही वेगाने पुढे सरकतो. तुम्ही वडिलांबद्दल जे म्हणताय, भ्रमानंतर स्मरणशक्ती एक पायरी उतरली, ते त्याच्याशी जुळतं. माणसात थेट सिद्ध करणं अवघड आहे, मेंदूचा तुकडा कोण देणार. पण डेलिरियम झालेल्या वृद्धांमध्ये पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त दिसतं हे बऱ्याच पाहण्यांमध्ये आलंय.

अर्धविराम

धन्यवाद दोघांनाही. म्हणजे पुढच्या वेळी बाबा विचित्र वागायला लागले तर आधी लघवी तपासायची.

रात्रपाळी

लघवीसुद्धा, पण तेवढ्यावर थांबू नका. वृद्धांच्या लघवीत जंतू तसेही खूपदा असतात, त्रास काही नसतो. सगळं खापर तिथे फोडलं की न्यूमोनिया निसटतो.

शंकासुर

मला एक खटकतंय. इथे सगळा सूर असा लागलाय की मायक्रोग्लिया म्हणजे आग लावणाऱ्या. उंदरांना एलपीएस टोचून जे दिसतं त्यावरून खऱ्या इन्फेक्शनबद्दल किती बोलायचं? एलपीएस वाढत नाही, पसरत नाही. जंतू वाढतो. नुसत्या धुराची घंटा वाजवून बंबाची परीक्षा कशी घेणार?

पेशीपुराण

+१०० शंकासुर, हे आमच्या लॅबच्या भिंतीवर लिहून लावते.

खरंच आहे. १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने टीएलआर-४ हा एलपीएसचा रिसेप्टर आहे हे शोधलं ते एका विचित्र उंदरामुळे. त्या जातीच्या उंदराला कितीही एलपीएस टोचा, ढिम्म. त्याच्यात टीएलआर-४ बिघडलेला. या कामासाठी ब्यूटलरना २०११ चं नोबेलही मिळालं. आता वाटेल की हा उंदीर किती नशीबवान, दाहच नाही! पण त्याला खरोखरचे साल्मोनेला दिले तर बाकीचे उंदीर तगतात तिथे हा मरतो. एलपीएसला न जुमानणारा उंदीर जंतूपुढे मात्र उघडा.

माणसांतही आहे. काही मुलांमध्ये जन्मतः एमवायडी-८८ किंवा आयरॅक-४ ही टीएलआरच्या निरोपाच्या साखळीतली प्रथिनं नसतात. त्यांना न्यूमोकोकसचे भयंकर इन्फेक्शन होतात, मेनिंजायटिससकट, आणि ताप मात्र बऱ्याचदा उशिरा किंवा अगदी कमी. मोठेपणी त्यांचा धोका कमी होतो, बहुधा अँटिबॉडीची बाजू सावरून घेते म्हणून.

रात्रपाळी

याला आयसीयूतून दुजोरा. सीएसएफमध्ये जंतू खच्चून भरलेत आणि पांढऱ्या पेशी मात्र जेमतेम, असा रिपोर्ट आला की आमच्या पोटात गोळा येतो. न्यूमोकोकसमध्ये ते फार वाईट लक्षण. हाक ऐकून कोणी आलंच नाही असा त्याचा अर्थ.

टवाळखोर

म्हणजे राखणदार आला तर घर फोडतो आणि नाही आला तर घरच जातं. कोलांटउडी, तुम्ही भाड्याने राहा.

पेशीपुराण

लॅबचं एक अवांतर सांगते, कारण शंकासुर यांच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे. एलपीएस इतकं चिवट असतं की काचेची भांडी ऑटोक्लेव्ह केली तरी जात नाही, कोरड्या भट्टीत २५० अंशाला अर्धा तास भाजावी लागतात. आणि आपण जी प्रथिनं विकत घेतो ती खूपदा ई. कोलायमध्येच बनवलेली असतात. त्यामुळे "आमचं हे नवीन प्रथिन मायक्रोग्लियाला उत्तेजित करतं" असा शोध लागला की पहिला संशय हाच, की प्रथिन राहिलं बाजूला, त्यात मिसळलेलं एलपीएसच काम करून गेलं.

दुसरं, डिशमधल्या मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या नव्हेत. मेंदूतून बाहेर काढल्यावर काही तासांतच त्यांची ओळख सांगणारी जनुकं मंदावायला लागतात. शिवाय उंदराच्या पेशींना एलपीएस दिलं की नायट्रिक ऑक्साइडचा धबधबा येतो, ग्रीस रिएजंट टाकलं की चकचकीत गुलाबी. माणसाच्या मायक्रोग्लिया त्या मानाने फार कंजूष. त्या गुलाबी रंगावर कित्येक पेपर निघालेत.

जुनंपान

अहो मग ते एम-१ आणि एम-२ चं काय? दाह करणाऱ्या वाईट आणि दुरुस्ती करणाऱ्या चांगल्या, असं मी कुठेतरी वाचलं होतं. कोलांटउडींचा मूळ प्रश्नही तोच आहे की.

पेशीपुराण

काका, ती विभागणी आता मोडीत काढलीय. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी मिळून लेख लिहिला की एम-१/एम-२, विश्रांतीतल्या/उत्तेजित हे शब्द टाळा. एकेका पेशीची जनुकं वाचता यायला लागल्यापासून दिसतंय की त्याच मेंदूत, त्याच वेळी, शेजारशेजारच्या मायक्रोग्लिया वेगवेगळं काहीतरी करत असतात.

मेंदूतलं गळू बघा म्हणजे पटेल. समजा स्टॅफिलोकोकस ऑरियस मेंदूच्या ऊतकातच घुसला. पहिले काही दिवस नुसता पसरट दाह, मायक्रोग्लिया टीएनएफ आणि केमोकाइन सोडतायत, न्यूट्रोफिल आत ओतले जातायत. मग मध्ये पू आणि मेलेलं ऊतक, आणि दोनेक आठवड्यांत भोवती कोलॅजनचं कवच तयार होतं, त्याच्या काठाला ऍस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया. त्या कवचामुळे जंतू बाकीच्या मेंदूत पसरत नाहीत. आता यातल्या कुठल्या दिवशीची मायक्रोग्लिया चांगली आणि कुठल्या दिवशीची वाईट? पहिल्या दिवशी जे टीएनएफ नसतं तर जंतू पसरले असते, तेच तिसऱ्या आठवड्यातही चालू राहिलं तर निरोगी भाग जातो.

रात्रपाळी

आणि टीबी तर तिसरंच प्रकरण. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये मायक्रोग्लिया जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत, जंतू त्यांच्यातच बिऱ्हाड करतो. तिथे दाह मंद आणि लांबलेला, मेंदूच्या तळाशी चिकट थर, त्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात. स्टिरॉइड तिथेही देतात आणि कित्येक आठवडे देतात. २००४ च्या व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू साधारण ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. पण वाचलेल्यांमधलं अपंगत्व त्याने कमी झालं नाही.

सांजसावल्या

डॉक्टर, मग स्टिरॉइडपेक्षा नेमकं असं काही नाही का? म्हणजे जंतू फुटणारच नाही असं औषध?

रात्रपाळी

आहे की विचार. रिफॅम्पिसिन, डॅप्टोमायसिन ही अँटिबायोटिक जंतूला न फोडता मारतात, प्राण्यांमध्ये त्याने सीएसएफमधले तुकडे कमी आणि नुकसानही कमी दिसलं. माणसांमध्ये नेहमीचा उपचार बदलावा इतका पुरावा अजून नाही. आणि डेक्सामेथासोनची एक पंचाईत सांगायची राहिली, दाह कमी झाला की गळक्या वाहिन्या बंद होतात, हे चांगलंच, पण व्हॅन्कोमायसिनसारखं औषध त्या गळतीतूनच आत जात असतं. तेही मग कमी पोचतं. डोस सांभाळावा लागतो.

कोलांटउडी

मला आता निदान एवढं कळलं की डॉक्टर घाईत का होते. गोळीबार सुरू व्हायच्या आधी पोचायचं होतं.

एक शेवटचं विचारतो. मायक्रोग्लिया जन्मभर तिथेच राहतात म्हणता, मग एकदा भडकलेल्या पेशी ते लक्षात ठेवतात का?

पेशीपुराण

ठेवतात, निदान उंदरात. २०१८ चा एक जर्मन गटाचा अभ्यास आहे. उंदराला पोटात एलपीएस एकदा दिलं तर मायक्रोग्लिया पुढच्या वेळी जास्त भडकतात, लागोपाठ चार दिवस दिलं तर उलट शांत होतात. अल्झायमरचं मॉडेल असलेल्या उंदरांमध्ये सहा महिन्यांनीही हा फरक दिसत होता, एकदा दिलेल्यांमध्ये प्लाक (अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या) वाढले, चारदा दिलेल्यांमध्ये कमी. डीएनए तोच, पण तो गुंडाळलाय कसा त्यात फरक पडलेला.

माणसाच्या मायक्रोग्लिया दरवर्षी साधारण चौथा हिस्सा बदलतात आणि एकेक पेशी सरासरी चार वर्षं जगते असा २०१७ मध्ये कार्बन-१४ वरून अंदाज काढला होता, काही तर वीस वर्षांहून जुन्या.

शंकासुर

चार दिवस एलपीएस दिलं की अल्झायमर कमी! मधलीसुट्टी, तुम्हाला हवी होती ती बाटली सापडली बघा.

मधलीसुट्टी

नको बाबा. मी लस घेते आणि गप्प बसते.